हातभर उघडं शटर

चौकसरावांचं खरं नाव सासरी कोणी घेत नसे. मेहुण्याने लग्नाच्या मांडवातच त्यांचं हे दुसरं बारसं करून टाकलं होतं, कारण साधी चप्पल घ्यायची तरी हा माणूस गावातली दुकानं पालथी घालून, दुकानदारांना घाम फोडून, शेवटी पहिल्याच दुकानात परत जायचा. त्यात नोकरी कारखान्याच्या खरेदी खात्यात. खुर्च्यांपासून बॉयलरपर्यंत काय घ्यायचं आणि काय नाही, हे तेच ठरवायचे. आणि त्यांनी ठरवलेलं सहसा चुकत नसे. त्यामुळे आपण चुकू शकतो ही गोष्टच त्यांच्या डोक्यातून निघून गेली होती.

त्या वर्षी विजेचा काही भरवसा राहिला नव्हता. जुने खांब, जुन्या तारा, वर सारखं वादळवारं. एकदा दिवे गेले की फ्रिजमधलं दूध नासायचं, पंप बंद पडून टाकी कोरडी व्हायची. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "अहो, जगाची खरेदी करता, घरासाठी एक जनरेटर बघा ना."

झालं! चौकसरावांच्या अंगात वारं शिरलं. पंधरवडाभर जेवताना दुसरा विषय नाही. पेट्रोलवर चालणारा घ्यावा की गॅसवर? की दोन्हींवर चालणारा? पेट्रोल साठवून ठेवलं तर खराब होतं, सिलिंडर वर्षभर ठेवला तरी त्याला काही होत नाही, पण गॅसवर यंत्राची ताकद थोडी कमी पडते. हे सगळं ऐकायला पानावर हक्काचा एकच श्रोता असे, ते म्हणजे त्यांचे सासरे, अण्णा.

अण्णा उभी हयात रेडिओवर बातम्या वाचत आले होते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यावर लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं आणि तळमजल्यावरची गॅरेजला लागून असलेली खोली दिली. माणूस अगदी अळवावरचं पाणी. घरात असून नसल्यासारखे राहायचे. आपली कपबशी आपण विसळायची, आपला दिवा आपण मालवायचा. जावयाशी कधी मोठ्याने बोलले नाहीत की कशाला नाही म्हणाले नाहीत. चौकसरावांना वाटायचं, अण्णांचं आपल्याकडे छान चाललंय.

दुकानात तिघंही गेली होती. दुकान चालवणाऱ्या बाईंनी त्यांच्यापुढे दोन यंत्रं ठेवली. एक लहान, सुटकेससारखं, वर मूठ असलेलं. पेट्रोल आणि सिलिंडर दोन्हींवर चालायचं, आवाज बेताचा, पण फ्रिज, पंखे, दिवे आणि फार तर पंप, एवढाच त्याचा जीव. दुसरं लोखंडी चौकटीतलं, चाकांचं, चांगलं दणकट. पेट्रोल, सिलिंडर, नळाचा गॅस, काय वाटेल ते प्यायचं आणि वरच्या मजल्यावरच्या एसीसकट अख्खं घर ओढायचं.

अण्णांनी लहान यंत्राची मूठ धरून ते जरासं उचलून पाहिलं. "जावईबापू, हे बरं वाटतं. हलकं आहे. तुम्ही घरी नसलात तरी आम्हाला मागच्या अंगणात नेऊन लावता येईल. ते दुसरं आमच्याच्याने जागचं हलायचं नाही."

चौकसराव हसले. बाईंकडे बघून म्हणाले, "आमच्या अण्णांचं सगळं आयुष्य एका मायक्रोफोनवर निघालं. विजेचा हिशेब त्यांना कुठून कळणार?"

बाई कसंनुसं हसल्या. अण्णाही हसले आणि मूठ अलगद खाली ठेवून बाजूला झाले. बायकोने नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला, पण चौकसराव तोवर मोठ्या यंत्राच्या चाकांशी वाकले होते.

"एक सांगते," पैसे देऊन झाल्यावर बाई म्हणाल्या, "कुठल्याही इंधनावर लावा, पण ठेवायचं उघड्यावर. दारंखिडक्यांपासून लांब. घरात नको, गॅरेजमध्येही नको. आणि हा विषारी वायू ओळखणारा अलार्म मिळतो, तोही..."

"ठाऊक आहे हो मला," चौकसराव म्हणाले. "रोजचं काम आहे आमचं."

ठाऊक तर त्यांना होतंच. पण यंत्र घरी आलं आणि लक्षात आलं, की मागच्या अंगणात जायला तीन पायऱ्या उतराव्या लागतात. एवढं धूड रोज खालीवर कोण करणार? पावसात भिजवायचं तर नाही, आणि रस्त्याकडेला ठेवलं तर एखाद्या दिवशी पाय फुटायचे. मग ते गॅरेजमध्येच विसावलं आणि गाडी बाहेर आली. शटर हातभर वर ठेवलं की हवा खेळेल, आणि आपण तर गॅसवर चालवणार, गॅसला ना धूर ना वास, असं त्यांनी स्वतःला समजावलं. कारखान्यात दुसऱ्या कोणी असं कारण पुढे केलं असतं तर चौकसरावांनी त्याला उभा सोलला असता.

पहिल्यांदा यंत्र सुरू केलं तेव्हा आजूबाजूचे लोक बघायला आले होते. सगळी आळी अंधारात, आणि यांच्या घरात वरपासून खालपर्यंत झगमगाट. चौकसरावांना मूठभर मांस चढलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मोठं वादळ झालं आणि वीज गेली ती परत यायचं नाव घेईना. सकाळपासून यंत्र गॅरेजमध्ये घुमत होतं. पावसाची झड आत येते म्हणून चौकसरावांनी हातभर उघडं शटर आणखी खाली ओढलं आणि ते वरच्या खोलीत एसी लावून ऑफिसचं काम करत बसले.

दुपारी जेवताना अण्णा कपाळ दाबत म्हणाले, "डोकं जड झालंय हो. ते यंत्र थोडा वेळ बंद ठेवता आलं तर..."

"अण्णा, नवीन आवाज आहे, होईल सवय," चौकसराव ताटातून मान वर न करता म्हणाले. "बंद केलं तर फ्रिजचं काय?"

 अण्णा जेवण अर्धंच टाकून उठले आणि खोलीत जाऊन पडले. त्या खोलीचं एक दार गॅरेजमध्ये उघडायचं. ते कायम बंद असे, पण त्याच्या खाली बोट जाईल एवढी फट होती.

चहाच्या वेळी बायकोची हाक आली, आणि त्या हाकेत असं काही होतं की चौकसराव धावतच जिना उतरले. अण्णा पलंगाच्या कडेवर बसले होते. अंगावर ओकारी झालेली, नजर कुठेच ठरत नव्हती. उभं करायला गेलं तर पाय लटपटले. "जेवणाचं काही बाधलं असेल," चौकसराव म्हणाले आणि गाडी काढायला पळाले. जाताजाता यंत्र बंद करायला गॅरेजमध्ये शिरले, तर भट्टीत पाऊल टाकल्यासारखं झालं. हवा जाड, गरम, बसलेली. त्यांनी शटर पुरतं वर ढकललं, आणि वारा आत घुसला त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. 

म्हणजे इस्पितळात पोचण्याआधीच त्यांना ठाऊक होतं.

बायको खिडकीशी नावनोंदणी करत होती. पडद्याआड अण्णा, चौकसराव आणि एक तरुण डॉक्टरीणबाई. तिने अण्णांचे डोळे पाहिले, छाती तपासली, बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं. "ऑक्सिजन तर ठीक दाखवतंय," ती म्हणाली. मग मान वर करून विचारलं, "तुमच्याकडेही वीज गेली असेल ना? घरात जनरेटर वगैरे लावला होता?"

"हो, आहे," चौकसराव म्हणाले.  "पण बाहेर असतो तो. उघड्यावर."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. ठरवून बोलले नव्हते. डॉक्टरीणबाईने भुवई उंचावली तसं त्यांना वाटलं, आता ती पुन्हा विचारेल आणि आपण खरं सांगू. पण तेवढ्यात पलंगावरून अण्णा बोलले. जीभ जड होती, तरी शब्द एकेक सुटा करून, बातमी सांगावी तसे:

"बाहेरच होता. जावईबापू सांगतात ते बरोबर आहे."

डॉक्टरीणबाईने मान डोलावली. पोटाचं असेल, नाहीतर मेंदूचं, फोटो काढून बघू, म्हणाली. नर्सने सलाईन लावलं. चौकसराव पलंगाच्या पायथ्याशी पुतळ्यासारखे उभे होते. बाटलीतून थेंब पडत होते आणि दरेक थेंबागणिक ते स्वतःला म्हणत होते, बोल आता. आणि बोलत नव्हते.

मग पडदा सरकवून बायको आत आली. चेहरा पांढराफटक. "बसू का जरा?" ती म्हणाली. "माझंही सकाळपासून डोकं ठणकतंय. आता तर गरगरायला लागलंय."

"गॅरेजमध्ये होता!" चौकसराव ओरडलेच. "जनरेटर गॅरेजमध्ये होता, अण्णांच्या खोलीला लागून. शटर खाली होतं. सकाळपासून चालू होता."

डॉक्टरीणबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. "मग मगाशी मी काय विचारत होते?" एवढंच म्हणाली आणि नर्सला हाका मारत पळाली. पळापळ झाली. रक्त घेतलं गेलं. अण्णांच्या तोंडावर मोठा मास्क बसला, बायकोच्याही. जनरेटरचा विषारी वायू रक्तात असला की बोटावरचं यंत्र फसतं, सगळं आलबेल दाखवतं, हे डॉक्टरीणबाईने चौकसरावांना नंतर सांगितलं. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, तेही सांगितलं.

मास्कच्या वर बायकोचे डोळे तेवढे दिसत होते. ते चौकसरावांवर रोखलेले होते. तिला सगळा उलगडा झाला होता. बापाचा जीव जात होता तेव्हा नवऱ्याचं तोंड उघडलं नव्हतं. तिचं डोकं दुखलं तेव्हा उघडलं. चौकसरावांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

देवाची कृपा म्हणा किंवा अण्णांची चिवट कुडी म्हणा, दोघंही सुखरूप घरी आली. अण्णांचे हात काही दिवस थरथरत होते, तेही थांबलं. घरात कोणी चौकसरावांना एक शब्द बोललं नाही. बायको वेळेवर चहा द्यायची, जेवायला वाढायची, लागेल तेवढं बोलायची. तिने चार लोकांत चपलेने मारलं असतं तर बरं, असं त्यांना व्हायचं. यंत्र गॅरेजमध्ये चादरीखाली झाकून पडलं होतं. चौकसराव येताजाता त्या बाजूला बघायचं टाळायचे.

मग मेहुणा बापाला भेटायला आला. आल्याआल्या नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाला, "काय चौकसराव, कुठलं जेवण निवडून घातलंत आमच्या अण्णांना?"

"पोट बिघडलं होतं रे," अण्णा घाईघाईने म्हणाले. "वयच आहे आता. झालं बरं."

बायको हातातला कप खाली ठेवून उठली आणि आत निघाली. चौकसरावांनी तिची पाठ पाहिली.

"पोट नव्हतं बिघडलं," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दुकानातल्या बाई काय म्हणाल्या, अण्णा काय म्हणाले, आपण त्यांना कसं हसलो. दुपारी यंत्र बंद करा म्हणाले ते कसं उडवून लावलं. इस्पितळात खोटं बोललो ते. आणि तोंड कधी उघडलं तेही. सांगताना त्यांची नजर फरशीवर होती. आवाज इतका खाली गेला, की मेहुण्याला दोनदा "काय?" म्हणावं लागलं, आणि दोन्ही वेळा तीच गोष्ट पुन्हा उच्चारावी लागली.

 मेहुण्याची थट्टा कुठल्या कुठे गेली होती. मग बापाकडे वळून म्हणाला, "अण्णा, बॅग भरा. आत्ता निघू."

अण्णांचा चेहरा असा उतरला, की चौकसराव चपापले. तो राग नव्हता. ती भीती होती.

"तू जरा आत जा," अण्णा मुलाला म्हणाले. "बहिणीशी बोल. मला यांच्याशी बोलायचंय."

तो गेल्यावर अण्णा मांडीवरचा पंचा उगाच नीट करत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मला मोठ्या मनाचा समजत असाल. मी तुमची बाजू घेतली म्हणून. तसं नाहीये ते."

"अण्णा..."

"ऐका. मला वाटलं, तुमचं खोटं मी उघडं पाडलं तर तुम्हाला माझा चेहरा नकोसा होईल. मग इथून उठावं लागेल. त्याच्याकडे दोन खोल्या, त्यात ती सगळी माणसं. मी कुठे मावणार? लेकीजवळ आहे, तेवढं राहू द्यावं, एवढाच हिशेब केला. म्हटलं, पडेल ते पडो."

 इतके दिवस चौकसरावांना लाज वाटत होती ती एका खोट्याची. आता कळलं, की या घरात हा म्हातारा गेली दोन वर्षं जीव मुठीत धरून राहत होता. कपबशी विसळणं, दिवा मालवणं, कशालाच नाही न म्हणणं, हे सगळं आपल्या धाकापोटी. गुदमरत असतानाही या माणसाला आधी जावयाची मर्जी सांभाळावीशी वाटली. इतका धाक आपण कधी घातला, ते आठवायला गेले तर एक प्रसंग असा सापडेना. सगळेच दिवस तसे होते.

"ही खोली तुमची आहे," शेवटी ते म्हणाले. शब्द बोलता बोलताच त्यांना पोकळ वाटले. इतक्या दिवसांनी सांगितलेल्या गोष्टीवर कोणी का विश्वास ठेवावा?

अण्णांनीही लगेच ठेवला नाही. "बरं," म्हणाले, नेहमीसारखंच.

अण्णा आठवडाभर मुलाकडे राहून आले. त्या आठवड्यात बायकोने दुकानातल्या बाईंना फोन करून मोठं यंत्र परत केलं, लहान आणलं, बरोबर अलार्मही. नवऱ्याला विचारलं नाही, आणि चौकसरावांनी दर काय पडला हेही विचारलं नाही. त्यांनी एवढंच केलं: अण्णांच्या खोलीतलं गॅरेजचं दार गवंडी बोलावून कायमचं बुजवून घेतलं. गवंड्याचं काम संपतंय तोवर अण्णा परत आले, तेव्हा त्यांना मागच्या अंगणाच्या बाजूची, उजेडाची खोली हवी का, असं विचारलं.

अण्णा विचारात पडले. मग जरा चाचरत म्हणाले, "नाही, नको. हीच बरी आहे."

दोन वर्षांत पहिल्यांदा ते जावयाला नाही म्हणाले होते. चौकसराव मान खाली घालून "बरं" म्हणाले आणि गवंड्याला चहा विचारायला बाहेर गेले.