एक क्रेट, दोन मजले

वर एक चूल, खाली एक चूल, मधे जिना आणि जिन्यावर धूळ. अशी त्या घराची तऱ्हा झाली होती.

वर थोरली राहायची, खाली धाकटी. दोघी सख्ख्या जावा. थोरली इस्पितळात नर्स. धाकटी घरीच मशीनवर पडदे नि उशांचे अभ्रे शिवायची. थोरलीचा नवरा गेला, आणि त्या दिवसापासून धाकटीने तिला स्वतःच्या हाताने ताट म्हणून वाढून घेऊ दिलं नाही. सकाळी डबा, संध्याकाळी डबा, वर आग्रहाचा मारा. थोरलीने बरेच दिवस सोसलं. मग एकदा भरलेला डबा आणून जिन्यावर ठेवला.

"मला काय दत्तक घेतलंयस? हातपाय धड आहेत माझे."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "चांगुलपणाची कदरच नाही कुणाला!"

झालं. वर वेगळी शेगडी आली आणि दोघींचं बोलणं बंद झालं.

हाल झाले ते धाकटीच्या नवऱ्याचे. "वहिनींना विचारा, पाण्याची मोटर लावू का." "तिला सांगा, लाव म्हणावं." चढ-उतर करून तो घायकुतीला यायचा. "अगं, मी छापखान्यात कामाला आहे, टपालखात्यात नाही!" पण एका संध्याकाळी तो कुरकुर न करताच खाली आला.

"वहिनींनी दूरच्या गावी बदली मागितलीय. उत्तर यायला हंगाम उलटेल म्हणाल्या."

धाकटीचं चालतं मशीन थांबलं. घर तसं दोन माणसांना पुरेसं होतं. पण वरून पावलं वाजणार नाहीत, हे काही तिच्या मनात मावेना.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या शेताची मालकीण नाक्यावर उभी राहू लागली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, म्हणून सगळे तिला बूटवालीच म्हणत. तिची योजना सरळ होती. पेरणीआधी शेतात वाटा घ्यायचा, मग हंगामभर दर शनिवारी भाजीचं क्रेट घरपोच. "पिकेल ते तुमचं," ती हसून सांगायची, "आणि नाही पिकलं, तर तेही तुमचंच." मन कुठेतरी गुंतावं म्हणून धाकटीने अर्धा वाटा घेतला.

आणि पहिल्या शनिवारी दारात आलं एक अख्खं क्रेट!

"अहो, माझा अर्धाच आहे."

"आणि दुसरा अर्धा वरच्या ताईंचा," बूटवाली म्हणाली. "इस्पितळाच्या फाटकाशी घेतला त्यांनी. पत्ता एकच, मग म्हटलं घर एकच असणार. घ्या आपसात वाटून." टेंपो धूर सोडत निघूनही गेला.

धाकटीने वाटणी केली. वरच्या वाटणीत गाजरं चार जास्त, कोबीचा थोरला भाग. जिन्यावर ठेवून आली. थोड्या वेळाने पाहते तर त्यातली दोन गाजरं आणि कोबीची दोन पानं मुकाट्याने खालच्या पायरीवर परत. थोरलीकडे वजनकाटा होता.

पुढच्या शनिवारी धाकटीने शिलाईची टेप काढली आणि कोबीला गुंडाळली.

"सदरा शिवतेस की काय त्याला?" नवऱ्याने विचारलं.

पण टेपही काट्यापुढे हरली. तेव्हा वरून निरोप आला, "तिला सांगा, एकीने वाटायचं, दुसरीने आधी उचलायचं. आळीपाळीने."

त्यामुळे दोघींना जिन्यावर समोरासमोर यावंच लागलं. एक वाटायची, दुसरी उचलायची. पहिल्यांदा नुसतं "हं." मग "झालं?" मग मुळे आले. पुढल्या खेपेला पुन्हा मुळे, त्यापुढल्या खेपेला आणखी जाडजूड. थोरली कमरेवर हात ठेवून मुळ्यांनाच म्हणाली, "आलात परत? लाज नाही वाटत?" धाकटीला हसू आवरेना, थोरलीनेही ओठ दाबून मान फिरवली.

आपली वाटणी थोरली अशी ऐटीत वर नेई, की धाकटी बघतच राही. डबा जिला काट्यासारखा टोचला, तिला ही पिशवी फुलासारखी हलकी कशी? हळूहळू तिला उमगलं. तो वाटा होता. उपकार नव्हता.

हंगाम उताराला लागला आणि गारा पडल्या. त्या शनिवारी बूटवाली मान खाली घालून आली. क्रेटमध्ये मूठभर पालेभाजी आणि तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढा एक भोपळा.

"सगळं झोडपून काढलं हो. पुढच्या हंगामाचे वाटे आत्ताच विचारायचे असतात, त्या अंदाजाने बी घ्यायचं. पण आज कुठल्या तोंडाने विचारू?"

वाटायची पाळी धाकटीची होती. 'ताई, तुम्हीच घ्या सगळा,' हे वाक्य अगदी जिभेच्या टोकाशी आलं. तिने ते गिळलं. सुरी घेतली आणि भोपळ्याच्या बरोबर मध्यावर टेकवली.

"थांब," थोरली म्हणाली. "एवढ्याशा भोपळ्यापायी दोन शेगड्या कशाला पेटवायच्या? दे इकडे. मी करते. तिघं मिळून जेवू."

'मी येते ना मदतीला,' तेही धाकटीने गिळलं. "केव्हा येऊ?" एवढंच विचारलं, पाहुणीसारखं.

"भूक लागली की." मग थोरली बूटवालीकडे वळली. "आमचा धरा पुढचा. अर्धा-अर्धा नको. एक पूर्ण."

"ताई, पण बदली?" धाकटीने विचारलं.

"अर्ज करता येतो तसा मागेही घेता येतो." भोपळा काखोटीला मारून ती दोन पायऱ्या चढली, नि वळली. "आणि बाई, ते मुळे जरा बेतानं लावा हो!"

बूटवाली गेली ती हसतच. धाकटीने झाडू उचलला आणि जिना वरपासून खालपर्यंत झाडून काढला. नवरा कामावरून आला, तेव्हा भोपळा शिजल्याचा गोडसर वास पायऱ्या उतरत होता.

"काय, वर काही निरोप?" त्याने थकल्या आवाजात विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "हात धुवा आणि चला. मीच सांगेन काय ते."