चंद्रभागाबाईंचं पान

आंबागडच्या चंद्रभागाबाईंना सत्तरीत विसर पडू लागला होता. बाजाराच्या दिवशी त्या तुमसर रोड स्टेशनवर कुणालातरी दिसल्या आणि मग कुणालाच दिसल्या नाहीत. मुलगा जीवन गोंदियापर्यंतची सगळी स्टेशनं पालथी घालून आला. पोलिसांत तक्रार झाली, भिंतींवर फोटोसकट पत्रकं लागली.

सून तृप्ती तुमसरला कॉम्प्युटर शिकवायची. तिनं नेटवर एक पान तयार करून त्यावर त्याच पत्रकाचा फोटो चढवला. मग रोज वर्गाआधी ती सर्च इंजिनात सासूचं नाव टाकायची. पान कधीच यायचं नाही.

"पान नेटवर हाय, तरी दिसत काहून नाई?" जीवननं विचारलं.

तृप्तीनं त्यावर बरंच वाचून काढलं होतं. "सर्च इंजिनचा प्रोग्राम लिंक धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते. तिथं जे वाचते ते शब्दवार मांडून ठेवते. आपण काही शोधलं का त्या साठ्यातलंच दाखवते. आपल्या पानाकडे एकबी लिंक नाई, तं तो येईन कसा? अन् आला तरी फोटोतली अक्षरं त्याले वाचता येत नाई."

"मंग?"

"मंग सारं लिहून काढू. आई जे जे बोलत रायतेत ते. त्यायले सोताचं नाव नाई आठवलं, तं लोक तेच शोधतीन ना."

दोघं बसले. जीवन सांगत गेला, किल्ल्याखालचं घर, कपिला गाय, तिला पाणी पाजायची आईची घाई. चंद्रभागाबाई बसल्या ती गाडी छत्तीसगडकडे गेली असेल म्हणून तृप्तीनं गावाचं नाव हिंदी वळणानंही लिहिलं, अंबागढ़. मग भंडाऱ्याच्या एका बातम्यांच्या साइटवाल्याला गाठून तिनं पानाची लिंक लावून घेतली.

पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू असताना तिनं 'अंबागढ़ कपिला' टाकलं. पहिलंच पान तिचं होतं. ती खुर्चीतून उठली आणि वर्ग तसाच सोडून जीवनला फोन लावायला बाहेर गेली.

महिना सरायच्या आत बिलासपूरच्या एका आश्रमातून फोन आला.

"एक माताजी हैं, नाम नहीं बता पातीं. अंबागढ़ कहती हैं, तो हम यहीं छत्तीसगढ़ के अंबागढ़ चौकी कस्बे में पूछते रहे. वहाँ कोई नहीं पहचानता. कपिला-कपिला भी करती हैं, आज ढूँढते समय वह भी लिखा, तो आपका पेज निकला."

चंद्रभागाबाई आश्रमाच्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. जीवन समोर येऊन बसला तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"किती वाळला रे तू," त्या म्हणाल्या, आणि जीवन तिथंच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

आंबागडला उतरल्या तेव्हा अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं. कुणीतरी डफही आणला होता.

"कोनाची वरात हाय वं?" चंद्रभागाबाईंनी सुनेला विचारलं.

"तुमचीच, आई," तृप्ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून गर्दीतून ताठ मानेनं चालू लागली.