बाबांची दुर्बीण भरदुपारी रानात जाते

मित्रांनो, मला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी एक जुनी दुर्बीण आहे. माझं कातडं कडेने सुटलंय, पट्ट्याच्या जागी बुटाची नाडी आहे आणि फटींत शोधलंत तर अजून मैदा सापडेल. पण ज्या दिवसाची गोष्ट मी सांगणार आहे, त्या दिवशीचा माझा थाट तुम्ही बघायला हवा होता!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचा घासणाऱ्या एका बाईने माझं शेवटचं भिंग उजेडासमोर धरलं, त्यावर फुंकर घातली आणि मला खोक्यात बसवलं. तिथून मी आले ती बाबांच्या गळ्यात. बाबा बेकरीत पाव भाजायचे. भट्टीपुढून पहाटे सुटले की बाकीचे कामगार घरी जाऊन आडवे व्हायचे आणि बाबा मला घेऊन तळ्यावर जायचे. पिठाळलेल्या हातांनी त्यांनी मला किती बगळे, किती खंड्ये दाखवले म्हणून सांगू! "पक्षी बघायचे तर सकाळीच," हे त्यांचं पालुपद. दुपारी कोणी पक्षी बघायला निघालं तर ते त्याला सरळ वेड्यात काढायचे.

मग घरात जावई आले आणि त्यांच्यासोबत त्यांचा कॅमेरा. त्याचं भिंग माझ्या तिप्पट लांब, आणि नखरे विचारूच नका. "बाबा, आता त्या डबड्याला पेन्शन द्या," असं जावई हसत हसत म्हणाले आणि माझी रवानगी कपाटात झाली. अंधारात, दमट हवेत माझ्या काचांवर बुरशी चढली. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, रागही आला.

एके दिवशी बाबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आले आणि जेवले नाहीत. त्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. औषध नव्हतं. पुढच्या वर्षापर्यंत बारीक काही दिसणार नव्हतं. मुलीने खूप विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "धनेशाची ढोली बघायची राहिली गं."

धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवायला झाडाच्या ढोलीत बसते आणि आतून दार लिंपून घेते. एक फट तेवढी उघडी ठेवते. बाहेरून नर फळं आणतो आणि त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांनाही भरवतो. बाबांनी हे आयुष्यभर ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

"मग जायचंच," मुलगी म्हणाली. ती दवाखान्यात नर्स आहे. तिने एकदा ठरवलं की ठरवलं. तिने मला कपाटातून काढलं, दुरुस्तीवाल्याकडून माझ्या काचा साफ करून आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर अभयारण्याचा नकाशा पसरला. जावयांनी अभयारण्यात फिरवणाऱ्या सकाळच्या गाडीतल्या जागा मिळवल्या होत्या. त्या मिळवायला ते किती दिवस संगणकाला चिकटून बसले होते!

"सकाळच्याच ना?" बाबांनी तीनतीनदा विचारून घेतलं.

जायच्या आधी सराव म्हणून मुलीने बाबांना सकाळी गच्चीत उभं केलं. समोरच्या इमारतीमागून ऊन थेट तोंडावर येत होतं.

"बाबा, त्या कठड्यावर काय आहे?"

"कबूतर. छान फुगून बसलंय."

"बाबा, ते शेजाऱ्यांचं पायपुसणं आहे."

मला सगळं ठाऊक होतं हो! त्यांचे डोळे दिपत होते, पाणी येत होतं, आणि मला नुसतं डोळ्यांवर धरून ते मुलीचं समाधान करत होते. मी काय बोलणार?

संध्याकाळी त्याच गच्चीत, ऊन मागच्या बाजूला असताना, तिने पुन्हा मला त्यांच्या हातात दिलं. बाबा लगेच म्हणाले, "अगं, त्या डावीकडच्या कबुतराच्या पायात दोरा अडकलाय!" तिने मला हिसकावून घेतलं आणि बघितलं. खरंच दोरा होता.

ती धावत खाली गेली आणि तिने नकाशावर बोट ठेवलं. तिथे खूण केलेलं ढोलीचं झाड रस्त्याच्या पूर्वेला होतं. सकाळी ऊन बरोबर बाबांच्या डोळ्यांत जाणार होतं.

"आपण दुपारची फेरी घेऊ."

"सकाळच्या जागा सोडायच्या?" जावई उडालेच. "लोक त्यासाठी जीव टाकतात!"

"दुपारी तिथे माशीसुद्धा नसेल," बाबा चिडले. "चाळीस वर्षं पक्षी बघतोय मी. तू मला शिकवतेस?"

"बाबा, पिल्लांना दुपारी भूक लागत नाही का? तो बाप येणारच."

बाबांनी नकाशा तिच्याकडे सरकवला. पण पटलं नव्हतं. दुपारची जागा मिळाली तीही एकाच दिवसाची. धनेश आला नाही तर सगळंच संपणार होतं, आणि दोष मुलीच्या माथी येणार होता.

त्या दुपारी गाडी झाडासमोर थांबली. ऊन आमच्या पाठीवर, आणि झाड असं उजळलेलं की सालीची रेघन् रेघ मोजून घ्या. पण फांद्या रिकाम्या. वेळ जात राहिला. मुलगी नखं खाऊ लागली. गाडीवाल्याने घड्याळ बघितलं, "फाटक बंद व्हायची वेळ होतेय," म्हणाला आणि किल्लीला हात घातला.

तेवढ्यात वरून फस्स फस्स आवाज आला, वाफेचं इंजिन चढावर यावं तसा. भलीमोठी पिवळी चोच घेऊन नर थेट ढोलीपाशी उतरला!

बाबांनी मला डोळ्यांना लावलं. मी सगळा जीव एकवटला. नराने घशातून एकेक लाल फळ वर काढलं, फटीपाशी धरलं, आणि आतून दुसऱ्या चोचीचं टोक अलगद बाहेर आलं.

"घेतलं गं! तिने घेतलं!" बाबा दबक्या आवाजात ओरडले आणि मुलीचा हात घट्ट धरला. "तू म्हणालीस तसा आला बघ तो. माझंच चुकलं."

कॅमेऱ्याचं काय झालं? जावयांच्या गडबडीत त्यात नुसती फांदी आली. शेवटी तेच म्हणाले, "बाबा, एक मिनिट दुर्बीण देता?" मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती अशी फुगली की सुटलेलं कातडं पुन्हा चिकटेल असं वाटलं!

"आता डोळे गेले तरी चालतील," बाबा म्हणाले.

"अभद्र बोलू नका," मुलगी डोळे पुसत हसली. "आधी सांगा, पिल्लाची चोच दिसली का?" आणि बाबांनी मला पुन्हा उचललं.

म्हणून सांगते मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अंधारात कोंडू नका; उजेड-वाऱ्यात ठेवा, हाताळा. आणि तुमच्या घरातल्या कोणाचं काही बघायचं राहिलं असेल, तर त्यांना नक्की घेऊन जा. फक्त निघण्याआधी जवळ बसून विचारा, तुम्हाला कोणत्या उजेडात नीट दिसतं?