कधीच न लागलेला खेळ

मी एक बॅटरी बोलतेय. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, पण बंगळुरात आमच्या टॉकीजमध्ये सगळे बॅटरीच म्हणायचे. पितळेचं अंग, पोटात तीन सेल, तोंडाला जाड काच आणि पाठीवर पुढे ढकलायचं बटण. खेळ सुरू झाल्यावर येणाऱ्या माणसांना त्यांची खुर्ची दाखवायची, एवढंच माझं काम. सतरा वर्षं केलं. त्यात कुणाला चुकीच्या खुर्चीवर बसवल्याचं मला आठवत नाही. माझी चूक दुसरीच आहे.

मी कुठल्या कारखान्यात घडले ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती १९४९ सालची, रसेल मार्केटजवळच्या एका दुकानाची. खलील नावाच्या तरुणाने मला उचललं, स्वतःच्या तळहातावर उजेड पाडून पाहिला आणि तिथेच विकत घेतलं. तो कँटोन्मेंटमधल्या एका टॉकीजवर डोअरकीपर होता. टॉकीजच्या बॅटरीचा उजेड पिवळट पडतो म्हणून त्याने स्वतःची घेतली. "उजेड माणसाच्या तोंडावर मारायचा नाही, पायापुढे टाकायचा," असं तो म्हणायचा, आणि तसाच टाकायचा.

दोन वर्षांनी त्याचं घर लाहोरला निघालं, मामाकडे. जायच्या आदल्या दिवशी त्याने मला शेजारच्या नागनाथच्या हातात दिलं. "नाग्या, माझी जागा तुला सांगून ठेवली आहे मॅनेजरांना. शाळा सुटली की संध्याकाळच्या खेळाला येत जा. हिला जप."

नागनाथचे पूर्वज तीनशे वर्षांमागे इकडे आले. घरात मराठी, पण निम्मी कानडीत भिजलेली. आईवडील नव्हते. मोठी बहीण मथुरा, तिला तो अक्का म्हणे. अक्का शिंप्यांच्या दुकानांतून शर्ट आणून काजं करायची, बटणं लावायची आणि त्यावर त्याला शिकवायची. नागनाथ मात्र महिन्याभरात शाळेत जायचा थांबला. गणितात मार बसला होता, आणि टॉकीजमध्ये त्याला कुणी मारत नव्हतं. सकाळी पुस्तकं घेऊन निघायचा, पुस्तकं तिकीटघरात ठेवायचा आणि मॅटिनीपासून उभा राहायचा. अक्काला वर्षभर त्याने कळू दिलं नाही. शेवटी नापास झालो असं सांगितलं आणि शाळा सुटली. हे खलीलला माहीत नव्हतं. मला होतं, कारण पुस्तकांच्या पिशवीतून मीच येत-जात होते.

वर्षं गेली. खलीलची पत्रं यायची, कानडीत. दोघंही एकाच कानडी शाळेत शिकलेले. लाहोरात कानडी वाचणारा तो एकटाच असेल, असं नागनाथ हसून म्हणायचा. खलील तिकडे आधी नाटक कंपनीत पडदे ओढायचा, मग छोटी कामं करायला लागला, मग लिहायला.

१९६४च्या अखेरीस त्याचं लांब पत्र आलं. लाहोरात टीव्ही सुरू झाला होता आणि खलीलला तिथे नाटकं लिहायचं काम मिळालं होतं. नागनाथने ते दुपारच्या खेळात बाल्कनीच्या पडद्यामागे बसून माझ्या उजेडात वाचलं.

"इथे नाटक कॅमेऱ्यासमोर चालू असतानाच लोकांच्या घरी दिसतं. चुकलं तर चुकलं," खलीलने लिहिलं होतं. "डोंगर नाहीत, आगगाडी नाही, तीन भिंती आणि दोन खुर्च्या. तरी आम्ही लिहायला बसलो की प्रत्येकाच्या डोक्यात तुमचाच सिनेमा. हरवलेला भाऊ, आंधळी आई. मला त्यातून सुटायचं आहे आणि त्याच्याशिवाय लिहिताही येत नाही. नवे सिनेमे इकडे येत नाहीत. तू रोज पाहतोस. गोष्टी लिहून पाठव, रडू कुठे येतं तेही लिही."

नागनाथने दोन सिनेमे लिहून पाठवले, अगदी खरे. तिसऱ्याच्या वेळी पंचाईत झाली. एकच मारामारीचा सिनेमा आमच्याकडे चौदा आठवडे ठाण मांडून बसला. त्यात गोष्ट अशी नव्हतीच. खलीलला रिकामं पत्र कसं पाठवायचं? एका दुपारी पडद्यावर तलवारी खणखणत असताना नागनाथ मागे बसून लिहू लागला. मी त्याच्या गुडघ्यांमध्ये उभी होते. त्याने लिहिलं, 'काज-बटन' नावाचा नवा सिनेमा लागलाय. एक बहीण आहे. ती बटणं लावून भावाला कॉलेजात शिकवते. भाऊ रोज वह्या घेऊन निघतो आणि बसस्टँडवर हमाली करतो. शेवटी बहिणीला कळतं आणि ती त्याला घराबाहेर काढते.

असा सिनेमा कुठेच नव्हता. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. मी विझू शकले असते. माझं बटण तेव्हाही थोडं सैल होतं. पण तो इतका गुंगून लिहीत होता की मी स्थिर जळत राहिले. खरं सांगायचं तर मलाही आवडलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टींमधून माणसं पुढे नेत होते. माझ्या उजेडात पहिल्यांदाच एक नवी गोष्ट तयार होत होती.

मे महिन्यात खलीलचं उत्तर आलं. 'काज-बटन'चं नाटक झालं होतं. "हा सिनेमा जणू आमच्या स्टुडिओसाठीच काढलाय. एक खोली, दोन माणसं. फक्त शेवट मी बदलला. बहिणीला पहिल्यापासून माहीत असतं, असं केलं. कॅमेरावाला रडला रे. सगळे मला शाबासकी देत होते, पण मी सांगून टाकलं की मूळ गोष्ट हिंदुस्तानी सिनेमाची आहे. उगाच आपली म्हणून का मिरवायची?"

नागनाथने ते पत्र चार वेळा वाचलं. "शेवट त्याचा चांगला आहे," तो पुटपुटला. मग खिशात घातलं. त्याच दिवशी खरं लिहून टाकलं असतं, तर खलीलने दोन शिव्या देऊन हसून सोडलं असतं.

ऑगस्टच्या मध्यावर आलेलं पत्र छोटं होतं. दोन देशांत तणाव वाढला होता. कुणीतरी तक्रार केली होती की हा माणूस शत्रूचे सिनेमे चोरून दाखवतो. खलीलला कामावरून बाजूला बसवलं होतं. "सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरचे साहेब निकाल देतील. मी स्वतःच बोलून बसलोय, आता नाही कसं म्हणू? पण तो शेवट सिनेमात नाही असं तू लिहून दिलंस तर तेवढा तरी माझा आहे असं सांगता येईल. नाग्या, लवकर लिही. सिनेमात काय होतं ते नीट लिही. घरात पाच माणसं आहेत."

खलीलचं काम वाचवायला एक ओळ पुरे होती. असा सिनेमा नाही, गोष्ट माझी आहे. नागनाथ रोज दुपारी पडद्यामागे बसायचा, 'खलीलभाई' असं लिहायचा आणि थांबायचा. सातवीत शाळा सोडलेल्या डोअरकीपरने सिनेमाची गोष्ट रचली आणि मित्राला फसवलं, हे कसं लिहायचं? आणि एकदा ते लिहिलं की अक्काचंही लिहावं लागणार.

एका दुपारी तो अर्ध्या पानापर्यंत आला. तेवढ्यात मी मिणमिणले आणि विझले. सेल संपले नव्हते. बटण सैल होतं, एक टपली मारली असती तर मी पेटले असते. त्याला ते ठाऊक होतं. त्याने टपली मारली नाही. "सेल गेले वाटतं," असं मलाच म्हणाला आणि सुटल्यासारखा उठला. मीही गप्प अंधारात राहिले. ती दुपार मी अजून विसरलेले नाही.

पत्र पूर्ण झालं तोवर सप्टेंबर उजाडला होता आणि लढाई सुरू झाली होती. टपाल खिडकीवर मल्लाप्पा नावाचे कारकून होते. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं.

"लाहोर? पेपर वाचत नाही काय तू? तिकडचं टपाल बंद आहे."

"फार जरुरीचं आहे, अण्णा."

"आता सगळ्यांचंच जरुरीचं आहे. स्वल्प थांब. लढाई संपली की घेऊन ये."

टॉकीजच्या बाहेर त्या दिवसांत दिवे लावत नव्हते. माझ्या काचेवर मॅनेजरांनी तपकिरी कागद चिकटवला. मला तो शिक्षेसारखा वाटला, आणि बराही.

पुढच्या वर्षी टपाल सुरू झाल्यावर नागनाथने पत्र टाकलं. चार महिन्यांनी ते परत आलं. पाकिटावर शिक्का होता, घेणारा या पत्त्यावर राहत नाही.

त्या संध्याकाळी तो कामावर गेला नाही. मला आणि पाकिटाला घेऊन अक्कासमोर बसला. अक्का दिवेलागणीच्या उजेडात शर्टाला बटण लावत होती. त्याने सगळं सांगितलं. सिनेमा, नाटक, खलील. शाळाही सांगितली, खाली बघत.

अक्काने दाताने दोरा तोडला. "तुझे शर्ट कोण धुवायचं रे?"

"तूच."

"खिशातून तिकिटांचे अर्धे तुकडे निघायचे. तिकिटं फाडायला शाळेत शिकवतात, असं मी समजेन वाटलं होतं काय तुला?"

नागनाथने मान वर केली. "मग बोलली का नाहीस, अक्का?"

"आज सांगेल, उद्या सांगेल म्हणत थांबले. तू नापास झाल्याचं खोटं सांगितलंस, ते पण घेतलं. माझंही चुकलंच." तिने शर्ट बाजूला ठेवला. "म्हणजे त्या खलीलने शेवट बरोबर केला होता."

"हो."

"आणि त्यालाच काढलं." तिने पाकीट हातात घेऊन शिक्का पाहिला. "घरी नाही मिळाला तर तो जिथे कामाला होता तिथे पाठव. कानडीत नको, तिथे कोण वाचणार. तुमच्या मॅनेजराकडून इंग्रजीत लिहून घे, शिक्का मारून."

"सगळ्या टॉकीजला कळेल, अक्का."

"कळू दे की. त्या पोराच्या बायकोला कळलं नाही काय, नवरा घरी बसला ते?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजर विश्वासराव यांच्यापुढे नागनाथ उभा राहिला. मी त्याच्या हातात होते. विश्वासरावांनी ऐकलं आणि चष्मा काढला.

"तू गोष्ट लिहिलीस? तू? पंधरा वर्षांत तोंडातून चार वाक्यं नाही काढलीस."

तिकीट फाडणारा परसू दारातून म्हणाला, "साहेब, पुढचा सिनेमा यालाच लिहायला सांगा. वितरकाचा खर्च वाचेल."

नागनाथ हसला नाही. "या नावाचा सिनेमा आपल्याकडे लागला नाही आणि कुठे निघालाही नाही, एवढं लिहून द्या. गोष्ट नागनाथ डोअरकीपरने रचली आणि खोटं बोलून पाठवली. शेवट खलीलचा. हेही लिहा."

"खोटं बोलून, हे कशाला?"

"खरं आहे म्हणून."

विश्वासरावांनी टाइप करून, गोल शिक्का मारून दिलं. पत्र रजिस्टरने गेलं. त्याला आता दोन वर्षं होतील. ते परत आलेलं नाही आणि उत्तरही नाही. खलीलला त्या कामावर परत घेतलं का, की कुठे दुकानात बसतो, आम्हाला काही कळलं नाही.

मागच्या वर्षी टॉकीजने प्लॅस्टिकच्या नव्या बॅटऱ्या आणल्या. मी आता अक्काच्या घरी फळीवर असते, बटणांच्या डब्याशेजारी. माझं बटण पुढे ढकललं तरी काही होत नाही, कारण पोटात सेल नाहीत. नागनाथने ते काढले आणि परत आलेलं कानडी पत्र गुंडाळी करून आत ठेवलं. कधीमधी तो मला उचलतो, झाकण अर्धं फिरवतो आणि पुन्हा बसवतो.

तुमच्यापैकी कुणाचं लाहोरला जाणं-येणं असेल, कुणाचे पाहुणे तिकडे असतील, तर एवढं करा. कानडी बोलणारा खलील कुठे आहे विचारा. बंगळूरच्या टॉकीजवर डोअरकीपर होता, आणि उजेड पायापुढे टाकायचा, ही त्याची खूण.

भेटला तर त्याला सांगा, खलीलभाई, तुझी बॅटरी बोलतेय. जिला जपायला सांगून गेलास तिच्याच उजेडात ते खोटं लिहिलं गेलं, आणि खरं लिहायच्या दुपारी तीच विझली. पण इतकी वर्षं प्रत्येक खेळाला मी माणसं बसवली, म्हणून हे मीच सांगू शकते. 'काज-बटन'ला मी एकालाही खुर्ची दाखवलेली नाही. तू काही चोरलं नव्हतंस.