नुसतं दुखतंय

शाळेने पालकसभेत बजावलं होतं, "घरीसुद्धा शाळेचीच भाषा बोला." शिवणकाम करणाऱ्या आईने ते मनावर घेतलं. तिला स्वतःला त्या भाषेतली मोजकीच वाक्यं यायची. ये, जेव, अभ्यास कर, झोप, ओरडू नको. लेक चार वर्षांची होती तेव्हापासून, आता आठवं लागलं तरी, तेवढ्यावरच घर चाललं होतं. गिऱ्हाइकांशी तासन्‌तास गप्पा छाटणारी ही बाई पोटच्या पोरीसमोर मुकी व्हायची.

लेक टीव्हीचा आवाज वाढवू लागली, तेव्हा आईने तो कमी केला. हाकेला ओ देईना, तेव्हा धपाटा घातला. उशीवर कानातला पू दिसला, तेव्हा कुठे ती डॉक्टरीणबाईंकडे धावली.

"काय होतंय गं बाळा?" त्यांनी घरच्या भाषेत विचारलं. "ठणका लागतो? दडे बसतात? घूं घूं होतं आत?"

मुलगी आईकडे बघत राहिली. मग शाळेच्या भाषेत म्हणाली, "दुखतंय."

"नुसतं दुखतंय? कसं?"

"दुखतंय."

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ कान तपासला. "जुनं दुखणं आहे. पडदा गेलाय, आतली हाडंही झिजलीत. ऑपरेशनने पू थांबेल. या कानाने ऐकू येण्याची आशा धरू नका."

"पण ही कधी बोललीच नाही हो!"

"कुठल्या भाषेत बोलणार होती? दुखणं सांगायला शाळा शिकवत नाही, बाई. ते आईजवळ शिकायचं असतं. शाळेची भाषा शिकू दे, आणखी दोन शिकू दे. तिची स्वतःची कशाला काढून घेतलीत?"

"तिचं भलं व्हावं म्हणून..."

"सगळे हेच सांगतात."

अरेरे! इतक्या वर्षांत आपण पोरीला 'कसं वाटतंय?' एवढंही विचारलं नाही! विचारणार कसं? शाळेच्या भाषेत ते येतच नव्हतं.

घरी आल्यावर आई लेकीच्या चांगल्या कानाशी बसली. "फार ठणकलं का गं, सोन्या?"

लेक दचकली. शाळेच्या भाषेत कुजबुजली, "असं नको बोलू. टीचर रागावतील."

"रागावू देत," म्हणत आई बोलतच राहिली. लेकीला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं.

मंडळी, मुलांना हव्या तितक्या भाषा शिकवा. पण ज्या भाषेत लेकराचं दुखणं विचारता येतं, तिला घराबाहेर काढू नका. या आईला ते उमगलं. त्या कानाला त्याचा काही उपयोग नव्हता.