इकडील सर्व खुशाल

"लिही, आम्ही समदे खुशाल हाय."

आईचा तो आवाज सावळीरामच्या कानात अजून तसाच होता. मामा दूर रेल्वेत नोकरीला, आई गोधडीत तापाने फणफणलेली, आणि शाळकरी सावळीराम कार्डावर अक्षरं कोरत बसलेला. तापाचं लिहू का, असं त्याने विचारलं, तर ती जात्यावरच्या सुरात म्हणाली होती,

"दूर देशी माझा भाऊ, त्याला सुखाचा सांगावा,
माझ्या जिवाचा रे ताप, उंबऱ्याच्या आत र्‍हावा."

पुढे सावळीराम नाशकात मूत्रविकारतज्ज्ञ डॉ. चांदवडकरांच्या दवाखान्यात कारकून झाला. १९८० साली डॉक्टरांनी त्याच्याही प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं. तेव्हापासून खोकला आला की लघवीचा थेंब, खुर्चीतून उठला की थेंब. त्याची बायको यशोदाबाई जुन्या लुगड्याच्या घड्या करून द्यायची, त्या आत लावून तो कामाला यायचा. डॉक्टर रोज विचारायचे, काय सावळीराम, बरं ना? तो रोज म्हणायचा, एकदम बरं, साहेब. देवमाणूस, त्याला काय सांगायचं?

दोन वर्षांनी डॉक्टरांनी त्याला हेच ऑपरेशन झालेल्या एक्केचाळीस रुग्णांना जबाबी पोस्टकार्डं धाडायला लावली, लघवीचा काही त्रास आहे का म्हणून. घोटीहून, मालेगावहून, अंबडहून सगळी परत आली, आणि प्रत्येकाची पहिली ओळ तीच, इकडील सर्व खुशाल. डॉक्टर तेवढी ओळ वाचायचे आणि बरोबरची खूण करायचे. मालेगावच्या पुंजारामने खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एसटीचा प्रवास मात्र आता सोडला आहे. ते सावळीरामने वाचलं आणि कार्ड गुपचूप फायलीला लावलं. सतरा नंबरचं कार्ड त्याने स्वतःच स्वतःला धाडलं होतं. उत्तरही स्वतःच दिलं होतं. खुशाल.

तज्ज्ञांच्या त्रैमासिकात डॉक्टरांचा लेख छापून आला, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस बरे. पुढच्या अंकात वाचकांची पत्रं आली. एकाने अभिनंदन केलं, एकाने ऑपरेशननंतर लघवीची नळी किती दिवस ठेवता ते विचारलं. तिसरं मदुराईच्या एका म्हाताऱ्या सर्जनचं होतं. त्याने लिहिलं होतं, माझेही रुग्ण मला बरं आहे म्हणतात, मग त्यांच्या बायका येऊन भेटतात. लेखकाने घरच्यांना विचारलं होतं का?

सावळीरामने घरी ही गंमत सांगितली. यशोदाबाई दोरीवरच्या घड्या काढत होती. ती हसली नाही.

"त्या म्हाताऱ्या डाक्टरला माझा पत्ता कळवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तावातावाने संपादकांना उत्तर सांगू लागले आणि सावळीराम टाइप करू लागला. आमचे रुग्ण सरळमार्गी आहेत, खोटं बोलत नाहीत. पुरावाच हवा तर माझा कारकून, रुग्ण क्रमांक सतरा, हे पत्र टाइप करत माझ्यासमोर बसला आहे, पूर्ण कोरडा.

टाइपरायटर थांबला. आता हे वाक्य देशभरच्या डॉक्टरांपुढे जाणार होतं, आणि ते त्याच्याच बोटांनी उमटायचं होतं. त्याला खोकला आला. त्याने तो दाबला, तरी व्हायचं ते झालंच.

"काय रे, रिबन संपली?" डॉक्टरांनी विचारलं.

सावळीराम उठला नाही. उठण्याची सोयच नव्हती.

"रिबन आहे, साहेब," तो खाली बघत म्हणाला. "सतरा नंबर खुशाल नाही. दोन वर्षं झाली, गळतंय. आत्ताही गळतंय."