धुतलेले पाय धुणारी परात

मित्रांनो, पाय दाखवा बघू! लाजू नका. मी एक जुनी परात आहे आणि पायांशिवाय मला दुसरं काही कळत नाही. परात म्हटली की तुम्हाला पीठ आठवेल, पण माझ्या अंगाला पिठाचा कणही लागलेला नाही. तांबटाने मला ठोकून ठोकून उंच काठाची घडवली, ती एका चर्चसाठी. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून तिथे वर्षातून एका गुरुवारी पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, बारा जणांचे पाय धुतात. ते पाणी झेलायचं, एवढंच माझं काम. वर्षभर कपाटात मखमलीत झोपायचं आणि एक दिवस मिरवायचं!

घंटा वाजवणारे काका मला लिंबाने घासायचे. बायका वाकून माझ्यात चेहरा बघायच्या आणि म्हणायच्या, "काय झळकतेय!" मी अशी काही फुगायचे, की विचारू नका. एक गोष्ट मात्र खटकायची. त्या बारा खुर्च्यांवर बसणारे लोक घरूनच पाय घासून, नखं कापून, वर पावडर लावून यायचे. पाळकसाहेब प्रत्येक पायावर थोडंसं पाणी सोडायचे, टॉवेल टेकवायचे, की पुढचा. शेवटी माझ्यातलं पाणी इतकं स्वच्छ असायचं, की काका ते कुंड्यांना घालायचे.

हे आणखी एकीच्या लक्षात आलं होतं. पाळकसाहेबांच्या मुलीच्या. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकली तर शपथ! त्या वर्षी गुरुवारनंतरच्या रविवारी तिला सगळ्या मंडळीसमोर उभं राहून 'माझा विश्वास आहे' असं म्हणायचं होतं. पांढरा फ्रॉकसुद्धा शिवून तयार होता. आणि गुरुवारी दुपारी, चर्चच्या मागच्या खोलीत मला कपाटातून काढता काढता ती म्हणाली, "बाबा, रविवारी मी ते नाही म्हणणार."

"का गं? पाठ नाही झालं?"

"पाठ तर झोपेतही म्हणेन. तेच तर! बाबा, धुतलेले पाय आपण पुन्हा धुतो. नक्की धुतो तरी काय? पावडर?"

पाळकसाहेबांना हसू आलं, पण ते गालातच राहिलं. "अगं, लोक काय म्हणतील? पाळकाची मुलगीच..."

"तुम्हाला वाटतं का हो, की येशू खरंच इथे असतो?"

त्यांनी झग्याची बटणं लावली. मग म्हणाले, "पूर्वी वाटायचं."

मित्रांनो, मी धातूची खरी, पण ते ऐकून मीही गार पडले.

संध्याकाळी बारावी खुर्ची रिकामीच राहिली. तिच्यावर बसणाऱ्या डॉक्टरांची मोटार वाटेत बंद पडली होती. मंडळीत चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात भिंगरी उठली ती थेट मागच्या दाराबाहेर! तिथे गवंडीदादा चर्चच्या भिंतीचा गिलावा आटोपून थापी धूत होते. त्यांना हाताला धरून ती आत घेऊन आली.

"अहो ताई, मी तुमच्यातला नाही!"

"पाय आहेत ना? मग बसा."

ते बसले, पण पाय खुर्चीखाली ओढून. सिमेंटने राखाडी झालेले पाय, टाचांना भेगा आणि एका भेगेतून रक्त. "परातीचं वाटोळं होणार," काका पुटपुटले. सगळे पाळकसाहेबांकडे बघू लागले. भिंगरीही बघत होती.

ते गुडघ्यांवर बसले. नेहमीसारखं थोडंसं पाणी सोडलं. सिमेंट ढिम्म हललं नाही.

"साहेब, ते पाण्यानं जात नाही," गवंडीदादा ओशाळून म्हणाले. "तेल लावावं लागतं."

भिंगरीने वेदीजवळची बाटली उचलली.

"अगं, ते दिव्याचं तेल!" काका ओरडले.

"दिव्याला उरेल, काका!"

पाळकसाहेबांनी बाह्या वर सारल्या आणि चोळायला घेतलं. अगदी बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. गवंडीदादा खुर्चीत वळवळायला लागले. "साहेब, गुदगुल्या! अहो साहेब!" अख्खं चर्च हसलं, आणि पाळकसाहेबही. मग टाचेच्या भेगेपाशी त्यांचा हात थांबला. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलाच नव्हता. पावडर लावलेल्या पायांना काय विचारणार?

माझं पाणी पहिल्यांदाच गढूळ झालं. वाळूने मला ओरखडे पडले. आणि खरं सांगू? एवढी ऐट मला लिंबाने घासल्यावरही कधी आली नव्हती!

रविवारी मी वेदीशेजारीच होते. भिंगरी पांढऱ्या फ्रॉकमध्ये उभी राहिली. पाळकसाहेबांनी विचारलं, "तुझा विश्वास आहे?"

ती पुस्तक धरलेल्या त्यांच्या हातांकडे बघत राहिली. नखांत अजून राखाडी सिमेंट होतं.

"आहे, बाबा!" ती म्हणाली. चर्चमध्ये 'बाबा' म्हणायचं नसतं, हे विसरूनच. मग हळूच, "आणि तुम्हाला? वाटतं?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. "आता वाटतं," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले.

तेव्हापासून मी कपाटात नसते. मागच्या नळापाशी असते. दमलेले, सुजलेले, ठेचाळलेले पाय येतात, आणि ते धुणारं कुणीतरी असतंच. बऱ्याचदा भिंगरीच. माझ्यात आता कुणाचा चेहरा दिसत नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्यावीशी वाटली, तर लिंबू आणू नका. पाय आणा. पण घरून धुऊन नका हं आणू!